मित्राचं ‘नको’

“ऑटिझम,” डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “त्याच्यावर गोळी कुठली?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर मराठीत ‘स्वमग्नता’ असं लिहून दिलं. म्हणाले, “औषध नाही. तिच्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे. पण शिकवता येतं.” आमची लेक मित्रा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. टेबलाखाली बसून मनगटापासून दोन्ही हात भराभर हलवत होती आणि एकाच सुरात गुणगुणत होती.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणारा; घर पेठ वडगावात. मुलीचं पूर्ण नाव संघमित्रा. हाक मारली तरी वळून बघायची नाही, म्हणून आम्हाला ती बहिरी वाटली होती. आधी कोल्हापुरात बेरा नावाची तपासणी झाली. लेकराला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. मी आणि बायको संगीता सकाळपासून बाकड्यावर बसून होतो. कान अगदी चांगले निघाले. आनंद झाला, पण घटकाभरच. ऐकू येतं, मग आमचं ऐकत का नाही?

मग बिहेवियर थेरपी सुरू झाली, म्हणजे वागण्याचं शिक्षण. आठवड्यातून तीनदा संगीता तिला एसटीनं कोल्हापूरला न्यायची. तिथल्या बाई समोर बिस्किटाचा तुकडा धरून म्हणायच्या, “माझ्याकडे बघ.” बघितलं की बिस्किट. हात हलवले की “हात खाली”, आणि हात मांडीवर दाबून धरायचे. घरीही तेच करायला सांगितलं होतं. घरी ते काम माझं. दिवसभर साचे दाबणारे हात माझे, त्यांच्याखाली तिचे एवढेएवढे हात.

सहा महिन्यांत शेजारचे म्हणाले, “पोरगी सुधारली की!” शांत बसायची, नजरेला नजर द्यायची. पण गुणगुणणं बंद झालं. मनगट चावायला लागली, रक्त येईस्तोवर. नंतर नंतर एसटी स्टँड दिसलं की उलटी व्हायची. एका सकाळी संगीतानं पिशवी खाली ठेवली. “मी न्हाय नेणार तिला आता. पोरगी सुधरंना, विझत चाललीया.”

त्याच डॉक्टरांनी दुसरा पत्ता दिला. नुकतंच शिक्षण घेऊन आलेल्या एक तरुण मॅडम, एकच खोली. पहिल्या दिवशी त्यांनी काहीही शिकवलं नाही. मित्रा कान दाबून कोपऱ्यात रडत होती. मॅडम फरशीवर तिच्यापासून जरा लांब आडव्या झाल्या, ती बघत होती तिकडे बघत राहिल्या. मग उठून ट्यूबलाइट बंद केली.

मित्रानं कानांवरचे हात काढले.

“दादा, त्या ट्यूबच्या चोकचा आवाज येत होता का तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“न्हाय बा.”

“तिला येत होता. डोक्यात मशीन चालू असल्यासारखा.”

साचे फोडायच्या मशीनजवळ पंधरा वर्षं काढलेले माझे कान. मी त्या बंद ट्यूबकडे बघत उभा राहिलो. आम्ही जिला हट्टी म्हणत होतो, ती एवढ्या आवाजात बसून आमच्या डोळ्यात बघायला शिकली होती.

मॅडम म्हणाल्या, “हात हलवणं थांबवायचं नाही. त्यानं ती स्वतःला सावरते. आधी तिला ‘नको’ म्हणायला शिकवू.” त्यांनी लाल पुठ्ठ्याचं ‘नको’चं एक कार्ड बनवलं.

मला पटेना. “आधीच ऐकत न्हाय, त्यात ‘नको’ शिकवताय व्हय?”

“ती आत्ताही ‘नको’ म्हणतेच की, दादा. चावून म्हणते. आपण तिला दुसरी वाट देऊ. फक्त एक करायचं. तिनं कार्ड दिलं की थांबायचं. रस्ता ओलांडणं आणि औषध सोडून, प्रत्येक वेळी.”

दोन महिने गेले. कार्ड तोंडात घालायची, फेकायची. मग एका रविवारी संगीता तिचे केस विंचरत होती. मित्रानं ओळखीचं ओरडणं सुरू केलं, आणि मधेच थांबून कार्ड तिच्या हातात दिलं. संगीतानं फणी तिथल्या तिथं खाली ठेवली. मित्रा फणीकडे बघत राहिली. आईकडे बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं बघायला.

त्या दिवशी सगळ्यालाच ‘नको’ मिळालं. दुधाला, भाकरीला, फ्रॉकला. मी जवळ बसलो, मला दिलं. उठून लांब गेलो. पुन्हा आलो, पुन्हा दिलं. मी पुन्हा उठलो. आत संगीता डोळे पुसत हसत होती.

सांजच्याला मी उंबऱ्यावर बसलो होतो. मागून मित्रा आली. कार्ड हातात घट्ट होतं, पण दिलं नाही. माझ्या मांडीत पाठमोरी बसली, सगळं अंग माझ्यावर टाकून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. दूर जाता येतं हे कळल्यावर ती जवळ आली होती.

काही दिवसांनी तिचं गुणगुणणंही परत आलं. मनगटाची जखम भरली. पुढं चित्रांची कार्डं वाढत गेली, दोन हजारच्या दशकात पाटीवर अक्षरं आली. ती अजून तोंडानं बोलत नाही. गर्दीत, लग्नाच्या मांडवात तिला त्रास होतो, तेव्हा आम्ही लवकर निघतो. सगळं सोपं झालं असं मी कुणाला सांगणार नाही. शिकवायचं ते शिकवाच, पण लेकरू कशाला घाबरतंय ते आधी शोधा. आम्ही एक वर्ष उशीर केला. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. तिला कळलं का, माहीत नाही.

मागं एकदा मॅडमच्या खोलीबाहेर हुपरीचे एक वडील भेटले. मांडीवर दोन वर्षांचं लेकरू. मित्राकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, “पावणं, बोलती का आता?”

“न्हाय.”

“मग इतकी वर्षं येऊन काय मिळालं वो?”

मित्रा खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत होती.

“वळख झाली की आमची,” मी म्हणालो.