माशाला देवी आल्या

परंड्याला मी नुकताच मास्तर झालो होतो, तेव्हाची गोष्ट. मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. पण हौसेची वस्तू आणायची तर आमच्या गावाला अजून हैदराबादच आठवायचं. एका मित्राच्या लग्नाला तिकडं गेलो आणि येताना दोन सोनेरी मासे घेऊन आलो. लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून, बसमधून! वाटेत प्रत्येक उतारूनं विचारलं, "मास्तर, एवढ्याशा माशांचं कालवण किती माणसांना पुरंल?"

घरात आम्ही तिघं. मी, धाकटी बहीण आणि आम्हाला वाढवणारी आत्या. आई-वडील लवकर गेले होते. मासे आले तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारला. "आपल्या घरात कधी मासा शिजला न्हाय, अन् हा पठ्ठ्या जित्ते घेऊन आला!" पण आठच दिवसांत तीच त्यांना भाताची शितं घालू लागली.

त्या चैत्रात बहिणीच्या लग्नाचं जमत आलं होतं. याआधी दोन स्थळं हातची गेली होती, त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. पण तुळजापूरचा हा मुलगा पाहून गेला आणि ती विहिरीवर पाणी शेंदताना गुणगुणायला लागली. मी काय समजायचं ते समजलो. आता मुलाची आई आणि काका साखरपुड्याचा दिवस ठरवायला येणार होते. हेही हुकलं असतं तर ती गुणगुणणं विसरली असती, ही माझी खरी धास्ती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दोघांतल्या मोठ्या माशाच्या गालांवर पांढरे ठिपके उठले. रव्याचे दाणे चिकटवावेत तसे. पुढच्या परांच्या कडेलाही तेच.

मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं बरणीला नाक लावून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "खरूज. गंधकाचं मलम लावा."

"पाण्यात?"

"पुसून लावा की!"

तो गेल्यावर आत्या पुढं झाली. तिनं बरणीपुढं हात जोडले आणि निकाल दिला. "देवी आल्यात."

मी हसलो. तिथंच चुकलो. देवीच्या बाबतीत हसणं आत्याच्या राज्यात गुन्हा होता. क्षणात घराचा कायदा बदलला. फोडणी बंद, तळण बंद, माझी दाढी बंद. बरणीशेजारी मोठ्यानं बोलायचं नाही. माशाला 'बाई' म्हणायचं. पाणी बदलायला गेलो तर आत्या दरडावली, "आधी विचार त्यांना!" मग मी वाकून विचारायचो, "बाई, पाणी बदलू का?" बाई तोंड उघडझाप करायच्या. आत्या म्हणायची, "व्हय म्हणाल्या."

इथवर सारी गंमत होती. पण पाहुणे यायच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आत्यानं कडुलिंबाचा हा एवढा डहाळा दाराला बांधलेला! घरात देवी आल्याची ती खूण. कुणीही शहाणा माणूस तो बघून उंबऱ्यावरूनच परत फिरायचा.

"आत्या, आज तरी सोडा तो. आत बरणीपाशी बांधा."

"अन् त्यांच्या लेकराबाळांना लागलं म्हंजे? न सांगता घरात घेणं पाप हाय."

"अहो, माशापासून?"

"देवी मासा बघत न्हाय अन् माणूस बघत न्हाय."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुसती डहाळ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला सोसवेना. मी डहाळ्याला हात घालणार, तेवढ्यात पाहुणे दारात.

मुलाच्या आईनं पायरीवर ठेवलेला पाय मागं घेतला. "कुणाला आल्यात?"

माझी वाढलेली दाढी, घरात फोडणीचा वास नाही, दाराला लिंब. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"माशाला," मी म्हणालो.

अशी शांतता मी वर्गात छडी आपटूनही कधी मिळवली नव्हती.

"थट्टा करता व्हय, मास्तर?" त्या माउलीचा चेहरा लालबुंद झाला. "आमाला नको म्हणायचं तर सरळ म्हणायचं. चला भावजी, पुढची बस मिळंल."

पण काका जागचे हलले नाहीत. हैदराबादेत उभी हयात नोकरी करून आलेला माणूस. डोळे चमकत होते. "मासा? कुठाय मासा? दिखाव तो सही!"

ते थेट आत घुसले. चष्मा कपाळावर चढवला, बरणी उजेडात फिरवली. मग त्यांच्या पोटातून असं काही हसू फुटलं, की आत्या दचकून मागं सरकली.

"अहो, कसल्या देवी अन् काय! ठिपके फक्त गालावर अन् पुढच्या परावर. अंगावर एक तरी? शेपटीवर? बिलकुल नाही! आजार असता तर मीठ भुरभुरल्यासारखं अंगभर उठलं असतं, अन् मासा तळाशी अंग घासत राहिला असता. हा बघा, मजेत त्या दुसरीच्या मागं लागलाय. हैदराबादेत आमच्या हौदात असेच मासे होते, दर चैत्रात बघायचो. नर वयात आला की गालावर असे दाणे उठतात. ह्याला बायको पाहिजे, दवा नको!"

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे... ह्या बाई न्हाईत?"

"बाप्या हाय, बाप्या!"

"मेल्या!" आत्या बरणीवर कडाडली. "अन् मी तुला रोज हात जोडत होते!"

मी हसत सुटलो. पण मुलाची आई अजून बाहेरच. ती म्हणाली, "मासा बरा असंल, पण डहाळा देवीच्या नावानं बांधलाय. तो असाच कसा सोडता? दहीभात दाखवून, बोळवण करूनच सोडावा लागतो."

आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू जिची जन्मभर वाट पाहिली ती मैत्रीण दारात आली. "तेच म्हणते मी! पर ह्या घरात माझं ऐकतंय कोण?"

मग काय विचारता! बहिणीनं लगबगीनं दहीभात कालवला. दोघी बायका दारात शेजारी शेजारी बसल्या, नैवेद्य दाखवला, आणि मुलाच्या आईनं स्वतःच्या हातानं डहाळा सोडला. उंबरा ओलांडून आत आली, नैवेद्याचा घास खाल्ला, आणि आत्याला म्हणाली, "विहीणबाई, मीठ बेतशीर हाय पोरीच्या हाताला."

विहीणबाई! हा शब्द ऐकला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. साखरपुड्याचा दिवस ठरायला मग कितीसा वेळ लागणार? लग्न वैशाखात धरलं.

पाहुण्यांना बसस्टँडवर सोडून मी परत आलो. बहीण आतल्या दाराआड उभी होती.

"गेले का रे दादा?"

"गेले. आता येतील ते वाजंत्री घेऊन."

ती उभी होती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडात धरला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिली.