फ्रीजरची खंडेनवमी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भार्गवी प्रयोगशाळेत आली, तेव्हा मोठ्या फ्रीजरला झेंडूचा हार होता, दारावर हळदीकुंकू होतं आणि खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेला.

शिपाई शिवप्पा फडकं घेऊन आला. उभा जन्म अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर गेलेला माणूस, इथं नवाच. "खंडेनवमीला मशीनला आराम द्यावा लागतो की मॅडम. आमी माग बंद ठेवूनच पुजायचो. ह्ये लई वरडत हुतं, म्हणून मागचं बटन बी बंद केलं."

वरडत होता तो धोक्याचा भोंगा. पण हे त्याला सांगणार कोण? भार्गवीनेही सांगितलं नव्हतं.

आत तिचा अर्क होता. जिवाणू वाढवायचे, बर्फात ठेवून फोडायचे, चोथा खाली बसवायचा आणि वरचं पिवळसर पाणी इवल्याशा नळ्यांत भरून उणे ऐंशीवर गोठवायचं. पेशी मेलेली असते, पण प्रथिनं बनवायचं तिचं काम त्या पाण्यात चालू राहतं. दोन दिवस उबेत राहिलं की सगळं नासलं. तीन वर्षांत हा एकच घाणा जमला होता आणि सगळा प्रबंध त्याच्यावर टांगलेला.

तरी सवयीने तिने एक नळी लावून पाहिली. अर्क चांगला असेल तर त्यात बनणारं प्रथिन निळ्या दिव्याखाली हिरवं चमकतं. दुपार टळली तरी नळी पिवळीच.

आता रडू येईल म्हणून ती स्टुलावर बसून राहिली. रडू आलं नाही, रागही आला नाही. मग तिला आठवलं, नळी पहिल्यांदा हिरवी चमकली, तेव्हाही तिने नुसती तारीख टाकली होती आणि डबा खायला गेली होती. या कोरडेपणाची मात्र तिला भीती वाटली.

अर्क नासल्याचा तिचा निरोप वाचून संध्याकाळी मार्गदर्शक सरांचा फोन आला. "कुणाच्या हातून झालं हे?"

"माझ्याच," ती म्हणाली. खरं सांगितलं असतं तर लांबण लावावी लागली असती, आणि शिवप्पाची नोकरीही गेली असती.

"बरं. पुन्हा बनव. वेळ लागला तर लागू दे."

"नाही सर. मी आता नाही करणार."

तिचा आवाज इतका सपाट होता की तिला नीट ऐकू गेलं नसावं असं सरांना वाटलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. तिनेही तेच पुन्हा सांगितलं.