लिलावाहून आलेली लघवी

"मॅडम, रक्तात आलाय ना? मग मुताचा कशाला पायजे?"

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून आलेल्या त्या बापाचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण लहान मुलांची डॉक्टर म्हणून मला तो रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि आता कंटाळा येतो. त्याची मुलगी आठ महिन्यांची. ताप उतरेना, दूध ओकत होती, सर्दी-खोकला काही नाही. सीआरपी खूप वाढलेला. जंतूंशी जुंपली की रक्तात हे प्रथिन वाढतं, पण शरीरात कुठे जुंपली ते कळत नाही. प्रोकॅल्सिटोनिन नावाची दुसरी तपासणीही वाढलेली. जंतू लघवीतले असतील, तर ते किडनीपर्यंत गेल्याची शंका. उशीर झाला की तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

त्याने खिशातून बाटली काढली. "आनलाय."

"कधी धरलीत?"

"सकाली. गाडीच्या डिकीत व्हती. मासलीचा लिलाव आटपून आलो."

बाटली चांगली गरम होती.

"पापलेट ठेवलं असतंत असं?"

"बर्फाबिगर? नाय!" तो ओशाळून हसला.

उन्हात लघवीतले जंतू वाढत राहतात, मग रिपोर्टला अर्थ नसतो. बाटली टाकून दिली. इंजेक्शन लगेच द्यायला हवं होतं. पण ते आधी दिलं असतं, तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काही सापडलं नसतं. बारीक नळीने लघवी घ्यायची ठरवली.

मुलीची आजी आडवी आली. "नली नको, बाय. पोरीची जात हाय."

"आजी, आत्ता मिनिटभर रडेल. किडनी बिघडली तर जन्मभर सोसायचं तिनेच."

बाळाच्या आईने आजीच्या होकाराची वाट पाहिली नाही. बाळाला टेबलावर निजवलं, स्वतः पाय धरले. "घ्या, मॅडम." मला तिचं फार कौतुक वाटलं.

कल्चरमध्ये एकच जंतू भरपूर वाढला. लघवी घेतल्यावर मी सुरू केलेलं इंजेक्शन त्याच्यावर चालणारं नव्हतं. ते बदललं, तेव्हा कुठे ताप उतरला. नळी घातली नसती, तर मी तेच औषध ठामपणे देत बसले असते.

घरी जाताना बापाने विचारलं, "रक्त परत नाय तपासायचा?"

"पोरगी बघा. दूध पितेय ना?"

रक्ताच्या रिपोर्टने सगळ्यांना घाबरवता येतं. औषध ठरवायला लघवीच लागते, आणि ती मिळवण्यातच माझा अर्धा दिवस जातो.