तूबा खालाची चप्पल

तफ्रेशच्या डोंगरातल्या त्या गावात भट्टीवाल्या नूरुल्लाइतका मऊ माणूस शोधून सापडला नसता. रोटी करपली तर गिऱ्हाइकाआधी तोच हळहळायचा. आणि नेमका याच्याच वाट्याला सव्वीस वर्षं शिम्र आला होता. मोहरमच्या शोकनाट्यात इमाम हुसेनांचा गळा कापणारा तो शिम्र! कारण एकच, आवाज. इमामांच्या बाजूची माणसं गातात, वैऱ्यांनी नुसतं गरजायचं असतं, आणि नूरुल्लाचा गळा म्हणजे फुटका रांजण.

लाल अंगरखा घालून तो मैदानात आला की बायका बोटं मोडायच्या. पहिल्या रांगेतली तूबा खाला तर दरवर्षी पायातली चप्पल फेकायची. संवाद त्याला तोंडपाठ होते, तरी रिवाजाप्रमाणे चिठ्ठी हातात धरूनच तो बोलायचा. हे शब्द कागदाचे आहेत, माझे नाहीत, हे अल्लाला आणि गावाला दिसायला हवं ना!

त्या साली त्याची लेक गुलअंदाम बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोनदा तिचं पोट पडलेलं. नूरुल्लाच्या बायकोने, एशरतने, धोशा लावला, “या वर्षी शिम्र नको. अख्ख्या गावाचे तळतळाट अंगावर घेऊन घरी येता. पोरीला बाधतील.”

“अगं, कावळ्याच्या शापाने गाय मरते का?”

“एक कावळा असता तर मीही हसले असते. इथे सगळं गाव कावकाव करतं!”

पण दुसरा शिम्र आणायचा कुठून? इमामांच्या बाजूचा हिरवा अंगरखा म्हटलं की पन्नास जण पुढे, लाल म्हटलं की सगळ्यांचे घसे बसतात. शेवटी नूरुल्लाने मनाशी ठरवलं, यंदा बेतानेच गरजायचं.

मोहरमच्या नवव्या दिवशी इमामांचे भाऊ अब्बास यांचा प्रसंग होता. तहानलेल्या पोरांसाठी पाणी आणायला निघालेल्या अब्बासांना शिम्र अडवतो. पण नूरुल्ला बोलला तो शेजारी विरजण मागायला आल्यासारखा. अब्बास बिचारा जीव तोडून गायला, तरी लोक नुसते चुळबुळत राहिले. बायकांत कुणी बिया सोलत बसलं. एकही शाप आला नाही. एशरत खूश झाली. नूरुल्लाला मात्र घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तूबा खाला भट्टीवर हजर.

“काय रे, आजारी आहेस?”

“नाही, खाला.”

“मग काल काय झोपेत होतास? कोरड्या डोळ्यांनी घरी गेले मी!”

नूरुल्लाने खाली मान घालून लेकीचं सांगितलं. म्हातारी ओट्यावर टेकली. तिचा खोदादाद सीमेवरच्या लढाईत गेला होता. चिठ्ठी आली, प्रेत आलंच नाही.

“माझ्या लेकराला कुणी मारलं, मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “त्या मारणाऱ्यालाही कुठे आई असेल. मग वर्षभर शिव्या कुणाला घालू मी? भिंतीला? इमामांसाठी रडता रडता माझ्या खोदादादसाठीही रडून घेते. त्या रडण्याला समोर शिम्र लागतो, बाबा. चांगला दांडगा.”

सव्वीस वर्षं नूरुल्लाला वाटत आलं होतं, की गाव आपल्याला नुसतं सोसतंय.

त्या दुपारी तो असा गरजला की छतावरची कबुतरं उडाली. इमामांवर खंजीर उगारताना दरवर्षीसारखा तो स्वतःच रडत होता. चिठ्ठी भिजून अक्षरं फुटली, तरी डोळे तिच्यावरच. मैदान आक्रोशाने भरलं. तूबा खाला उठली आणि ओरडली, “मेल्या, तुझा निर्वंश होवो!”

नूरुल्लाला लेक आठवली. वाटलं, थांबावं. पण समोर म्हातारीचे डोळे वाहत होते. तो आणखी मोठ्याने गरजला, आणि चप्पल कपाळावर येऊन बसली.

संध्याकाळी एका पायाने अनवाणी तूबा खाला त्यांच्या दारात उभी. एशरतने वाट अडवली. “आज काय बोललात ते ऐकलंय मी!”

“ते शिम्रचं होतं, पोरी. नूरुल्लाच्या घरचं वेगळं आहे, ते द्यायला आलेय.”

तिने गळ्यातून खोदादादचा लहानपणीचा तावीज काढला, गुलअंदामच्या दंडावर बांधला आणि तिच्या पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. एशरत ओढणीने डोळे पुसत बाजूला झाली.

खाला निघाली तेव्हा नूरुल्लाने चप्पल पुसून तिच्या पायाशी ठेवली. तिने त्याच्या कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

“फार लागलं का रे?”

“नाही, खाला.”

“मग पुढच्या वर्षी जरा जवळ येऊन उभा राहा.”