धुरपदाबाईंची रक्षा

सासूची रक्षा नदीत सोडायची नाही, हे सारिकानं नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. संपतनं मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. "पोपटराव येणार हायेत. घाटावर मांडव पडलाय. आता काय रानात न्यायचं समद्यांना?"

पोपटराव तालुक्यातले पुढारी, आणि संपतला यंदा सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं.

धुरपदाबाई मूळच्या केंदूरच्या. माहेरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळापर्यंत उतरावं लागायचं. वडगाव रासाईचं स्थळ आलं तेव्हा बापानं नवऱ्या मुलाच्या नावाआधी सांगितलं, "दारात भीमा हाय." नवी नवरी नदीकाठी नुसती बसून राहते, म्हणून त्यांनी सासूच्या शिव्याही खाल्ल्या. वाळूत हातानं झिरा उकरायचा, गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग नितळ पाण्यानं घागर भरायची. त्याच नदीवर त्यांनी मेथी पिकवली, झेंडू पिकवला, टेम्पोत गाठोड्यांवर बसून शिरूरचा बाजार केला. नवरा अकाली गेला तरी एकुलत्या संपतला वाढवलं. नातवंडांच्या पाठीला वाळके भोपळे बांधून, लुगड्याचा काचा मारून त्यांनीच त्यांना पोहायला शिकवलं.

मग वाळू गेली. वरून शहरांची घाण आली. पाणी काळं पडलं, जलपर्णी माजली. नदीवरच्या मोटारीच्या पाण्यानं पिकाला भरणं देता देता धुरपदाबाईंच्या पायांना खाज सुटली, जखमा चिघळल्या. सारिका रोज मलम लावायची. शेवटी शेवटी म्हातारी नदीकडं पाठ करूनच ओट्यावर बसायची.

"सारिके, मेल्यावर मला त्या गटारात टाकू नगंस. मेथीच्या वाफ्यात टाक."

"व्हय, आत्या."

संपत तिथंच जेवत होता. "व्हय, आई," तोही म्हणाला होता.

म्हातारी गेल्यावर तिसऱ्या दिवशी घाटावर फ्लेक्स लागला. त्यावर धुरपदाबाईंपेक्षा पोपटराव मोठे होते. पाण्याचा कुजका भपकारा मांडवापर्यंत येत होता. "भीमामाईच्या पवित्र कुशीत आज आपली माऊली विसावते आहे," असं म्हणून पोपटरावांनी नाकाला रुमाल लावला. पुढचं वाक्य बोलायला काढला, पुन्हा लावला. नदीच्या वासाची सारिकाला सवय होती, या शब्दांची नव्हती.

संपत शेवटच्या पायरीवर थांबला. पाय भिजू नयेत म्हणून त्यानं मडकं लांबूनच उपडं केलं. राख आणि अस्थी जलपर्णीवर पडल्या आणि तिथंच राहिल्या. शेजारी फुगलेलं डायपर तरंगत होतं. कुणीतरी बांबू आणला आणि चिखल ढवळावा तसा अस्थींना ढोसायला लागला.

"त्यो बांबू टाक आधी!"

ओरडतच सारिका पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत काळा, बुळबुळीत गाळ. पानांमधून एकेक अस्थी वेचून तिनं पदरात घेतली. राख फेसात कालवली गेली होती, ती काही हाती लागली नाही.

"सारिका, लोक बघत्यात!" संपत दातओठ खात म्हणाला.

"बघू द्या. आईसाठी पाय बी भिजवला न्हाई तुमी."

ती वर आली तशी बाया नाकाला पदर लावून बाजूला झाल्या. मागून फक्त तानुबाई आल्या. धुरपदाबाईंबरोबर जन्मभर बाजार केलेली ही म्हातारी. दोघींनी वाफ्याच्या कडेला खुरप्यानं खड्डा केला.

"धुरपदा, अर्धी तरी आलीस गं," तानुबाई म्हणाल्या आणि मातीवर हात ठेवून रडल्या. सारिकाला रडू आलं नाही. तिला स्वतःच्या पायांची किळस येत होती. बोअरच्या पाण्याखाली तिनं ते साबणानं घासघासून धुतले.

संध्याकाळी संपतनं स्टेटसला व्हिडिओ ठेवला, पोपटरावांबरोबरचा. सारिका उतरली तो भाग त्यानं कापला होता.

"आत्यांना व्हय म्हणाला व्हता तुमी," ती म्हणाली.

"मेलेल्या मान्साला काय कळतंय? च्या टाक."

तिनं चहा केला. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. तिनं हात झटकन मागं घेतला आणि साडीला पुसला.