मोकळा झालेला खांदा

माझा डावा खांदा आखडला होता, म्हणून मी रोज फिजिओथेरपीला जात असे. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर असत. डॉक्टरबाई त्यांचा हात मनगटाशी धरून हळूहळू वर न्यायच्या. खांद्याच्या वर गेला की मास्तर डोळे मिटून घेत, पण तोंडातून आवाज काढत नसत.

एकदा बाईंनी विचारलं, "काका, हा आखडला कसा?"

"बायको अंथरुणाला खिळली होती. मीच तिला उचलायचो, कुशीवर वळवायचो. तेव्हा नुसता दुखायचा. ती गेली आणि मग अडकूनच बसला."

"होईल मोकळा. पूर्वीसारखा वर जाईल बघा."

"जाईल हो. पण आता उचलायचं कोणाला?"

बाईंनी त्यांचा हात पुन्हा वर न्यायला घेतला. मी छताकडे बघत राहिले. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं होणं, असं आपण धरून चालतो. पण हात परत मिळाला, तरी तो हात ज्याच्यासाठी राबायचा, ते माणूस परत मिळत नाही.

पुढे एका सकाळी मास्तरांचा हात सरळ डोक्यावर गेला. बाई खूश झाल्या. मास्तरांनी मान वळवून आपल्या हाताकडे थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ठेवू का खाली?"