मुकं मागणं

केंटकीच्या डोंगरांत, स्पायसर फोर्कच्या खोऱ्यात, सकाळच्या कॉफीआधी ओनेडा स्लोन ऐकू यायची. गावच्या रेडिओ स्टेशनवर दिवसभर येशूची गाणी, आणि गाण्यांच्या मधे जाहिराती: ट्रॅक्टरचे टायर, कोंबड्यांचं खाद्य, शवपेट्यांवरची सूट. ओनेडा हे सगळं एकाच मायाळू सुरात वाचायची, त्यामुळे टायरसुद्धा थेट स्वर्गातून आल्यासारखे वाटत. नवरा गेल्यापासून स्टेशन हाच तिचा संसार होता आणि तो ती तोऱ्यात करायची. दुकानात लोक आपल्याला आवाजावरून ओळखतात याचं तिला भारी कौतुक. ते तिनं कधी लपवलंही नाही.

तिचा लाडका कार्यक्रम म्हणजे प्रार्थनेची वेळ. लोक फोन करून आपली मागणी सांगत. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असे, कुणाची छाती खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं भरलेली असे. ओनेडा साऱ्या खोऱ्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावी. काही जण मात्र एवढंच म्हणत, "माझं एक मुकं मागणं आहे." म्हणजे दुःख आहे, देवाला ते ठाऊक आहे, तुम्ही फक्त मान लववा. मुक्या मागण्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही. चर्चमध्ये नाही आणि रेडिओवर तर नाहीच. ही रीत तिथली पोरं न शिकवता शिकतात.

डेल्फा रॅटलिफचा फोन दर सोमवारी यायचा, आणि मागणं नेहमी मुकंच असायचं. ती ओनेडाची जिवाभावाची मैत्रीण. चर्चच्या गाण्यात दोघी शेजारी उभ्या राहत आणि उरलेला वेळ एकमेकींच्या स्वयंपाकघरात काढत. डेल्फाचा मुलगा कर्मिट पाठ दुखावल्यावर दुखण्याच्या गोळ्या घ्यायला लागला, आणि पाठ बरी झाली तरी गोळ्या सुटेनात. हे घराबाहेर फक्त ओनेडाला माहीत होतं.

एका सोमवारी डेल्फाचा आवाज कापरा लागला. ओनेडाला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर, आतली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ही खाजही जिभेवर होतीच. ती माइकमध्ये म्हणाली, "कळलं गं मला, डेल्फा. मंडळी, आपल्या कर्मिटसाठी गुडघे टेका. देवा, त्या गोळ्यांतून सोडव रे त्याला."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ओनेडानं गाणं लावलं. ते अर्ध्यावर आलं तेव्हा आपण काय करून बसलो हे तिच्या लक्षात आलं. गाणं संपलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. खोऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच रेडिओ गप्प ऐकला.

तिला जे माहीत नव्हतं ते त्याहून वाईट होतं. कर्मिटच्या गोळ्या केव्हाच सुटल्या होत्या. दृष्ट लागेल म्हणून डेल्फानं ते ओनेडालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो हेगन्सच्या लाकूडगिरणीत कामावर जाणार होता, आणि त्या दिवशीचं मागणं त्यासाठी होतं. गिरणीमालक हेगन्सच्या गाडीत रेडिओ चालू होता. त्यानं कर्मिटला निरोप धाडला, येऊ नकोस.

ओनेडानं सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक केला आणि डेल्फाच्या दारात उभी राहिली. डेल्फानं जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच तिनं काय झालं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ओनेडाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"उद्या रेडिओवर सगळ्यांसमोर माफी मागते," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे परत एकदा सांगणार?" डेल्फा म्हणाली.

केक तसाच हातात घेऊन ओनेडा थेट गिरणीत गेली. आपण शिळी गोष्ट बोललो, पोरगा बरा झालाय, असं तिनं हेगन्सला पटवून पाहिलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. करवतीपाशी कुणाचा हात गेला तर मी कुणाला तोंड दाखवू, असं त्याचं म्हणणं. "आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं," तो म्हणाला, "पण तू बोललीस, ओनेडा. तुझा शब्द म्हटल्यावर शंका कशाची?" आयुष्यभर जे ऐकायला ती आसुसलेली होती ते असं ऐकायला मिळालं.

कर्मिट कामासाठी ओहायोला निघून गेला. ओनेडानं प्रार्थनेची वेळ दुसऱ्या बाईकडे दिली. जाहिराती मात्र तिच्याकडेच राहिल्या. रोज सकाळी ती वाचायची, "हेगन्सची लाकूडगिरणी, इथं सगळी आपलीच माणसं," आणि वाचताना तिला स्वतःच्या आवाजाची किळस यायची. दुकानात आता ती बोटानंच वस्तू दाखवायची.

बुधवारच्या प्रार्थनासभेला ती मागच्या बाकावर बसू लागली. गाण्यात उभं राहणं तिनं सोडलं होतं. एकदा पाळक ब्रदर लोनींनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचं काही मागणं? ओनेडानं हात वर केला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मुकं," ती म्हणाली. तो शब्द आपल्या तोंडी शोभत नाही हे तिला कळत होतं, पण दुसरा नव्हता.

ब्रदर लोनींनी प्रार्थना केली. सभा सुटल्यावर ओनेडा दाराशी कोटाची बटणं लावत होती. तिथंच एका चौकस बाईनं डेल्फाला गाठलं आणि हळूच म्हणाली, "तिचं मागणं कर्मिटसाठीच असणार, नाही का गं?"

ओनेडाची बोटं बटणावरच थांबली. आता डेल्फा जे बोलेल ते आपण ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. डेल्फाला बोलायचा हक्कच होता.

डेल्फानं डोक्याला रुमाल बांधला. "तिनं सांगितलं का?" ती म्हणाली. "नाही ना? मग आपल्याला माहीत नाही."

आणि ओनेडाकडे न बघता ती पायऱ्या उतरून गेली.